बाळंतपणानंतरच्या त्या काळ्यानिळ्या डागांबद्दल

मा. आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

माझी धाकटी बहीण बाळंत होऊन दोन महिने झाले होते. दंडावर, मांडीवर तळहाताएवढे काळेनिळे डाग उठू लागले. बाळाला घेताना लागलं असेल, असं आम्ही म्हणालो. डॉक्टरही तेच म्हणाले. मग अंगावरून जाणं पुन्हा सुरू झालं. क्युरेटिंग केलं, म्हणजे गर्भाशय आतून खरवडून साफ केलं, तर रक्त आणखीच वाढलं.

रिपोर्ट मी स्वतः पाहिला होता. प्लेटलेट ठीक; रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन तपासण्यांपैकी पीटी ठीक, फक्त एपीटीटी वाढलेली. त्या आकड्यापुढे छापलेली चांदणी आठवडाभर कोणाच्या डोळ्यांत भरली नाही.

तिला ॲक्वायर्ड हिमोफिलिया होता. शरीर रक्त गोठवणाऱ्या आपल्याच फॅक्टर आठ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करतं आणि रक्त गोठेनासं होतं. हा आजार आनुवंशिक नाही, त्यामुळे 'घरात कोणाला आहे का?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. जन्मजात हिमोफिलियात सांधे सुजतात. इथे रक्त त्वचेखाली आणि स्नायूंत साचतं. वर्षाला दहा लाखांत साधारण दीड रुग्ण, त्यातही बहुतेक वयस्कर. बाळंतिणींमध्ये हा बहुधा प्रसूतीनंतर एक ते चार महिन्यांत दिसतो, म्हणजे नेमका प्रसूतितज्ज्ञांच्या तपासण्या संपल्यावर.

संशय आला की पुढची पायरी महाग नाही. रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून ३७ अंशांवर दोन तास ठेवायचा आणि एपीटीटी पुन्हा मोजायची; हीच मिक्सिंग टेस्ट. फॅक्टरची नुसती कमतरता असेल तर वेळ सुधारते, प्रतिपिंडं असतील तर सुधारत नाही. नंतर प्रतिपिंडांचं प्रमाण बेथेस्डा युनिट या एककात मोजतात.

महोदय, प्रसूतीनंतरच्या काळजीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एवढं तरी घाला: बाळंतपणानंतर वर्षभरात कारण नसताना डाग किंवा रक्तस्राव दिसला तर एपीटीटी करावी, ती एकटीच वाढलेली असेल तर, रुग्णाची प्रकृती थांबू देत असेल तोवर, मिक्सिंग टेस्टआधी चाकू किंवा क्युरेट हाती घेऊ नये. एरवी जीव वाचवणारी शस्त्रक्रिया इथे जिवावर बेतू शकते. नुसता प्लाझ्मा चढवूनही सहसा भागत नाही. सक्रिय फॅक्टर सातचं रीकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) इंजेक्शन किंवा तत्सम बायपासिंग औषध, म्हणजे फॅक्टर आठला वगळून रक्त गोठवणारं औषध, लागतं. ते मोठ्या रक्तकेंद्रांत कायम शिल्लक असावं. आम्हाला ते मिळेपर्यंत दीड दिवस गेला.

बहीण स्टेरॉइडवर सात महिन्यांनी बरी झाली. दुसऱ्या बाळाचा विचार करताना ती विचारते, हे पुन्हा होईल का? होऊ शकतं, आणि प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंतही जाऊ शकतात. म्हणून तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही लाल शाईने हे लिहून ठेवलं आहे.

आपली,
एका बाळंतिणीची बहीण