आत्याच्या धाकट्याच्या केसबद्दल आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, दुकानातून इअरबड चोरल्याची केस आहे म्हणून पोराला काही दिवस माझ्याकडे पुण्याला लपवायचं मनातून काढून टाका. उद्या तेच ‘पळून गेला’ म्हणून त्याच्यावर उलटेल. आणि जो माणूस वीस हजारांत पोलीस ठाण्यातच मिटवतो म्हणतोय, त्याला एक रुपयाही देऊ नका. फोनवर आत्या रडायला लागली की पुढचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय.

सगळं अडलंय ते त्या इअरबडच्या किमतीवर. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. अशी चोरी अदखलपात्र. पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. ५,००० च्या वर मात्र एफआयआर, गुन्हा अजामीनपात्र, कैद ३ वर्षांपर्यंत. दुकानदार साडेसहा हजार सांगतोय, ती खोक्यावरची छापील किंमत असणार. त्या किमतीला ते कोण विकत घेतं? गावात कुणी तेच मॉडेल घेतलं असेल तर त्याचं बिल मिळवा आणि वकिलाकडे द्या.

अजामीनपात्र म्हणजे जामीनच नाही, असं आत्याने धरलंय. तसं नसतं, तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं, आणि १९ वर्षांच्या, पहिल्यांदाच सापडलेल्या पोराला तो सहसा मिळतो. एवढ्या गुन्ह्यात पोलीस बहुधा आधी हजर राहण्याची नोटीस देतात. ती आली तर दिलेल्या तारखेला त्याने जायचंच, वकील सोबत घेऊन. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. फीची चिंता असेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा. आत्याच्या घरचं उत्पन्न बघता सरकारी खर्चाने वकील मिळायला हरकत नाही. १५१०० वर फोन केला तरी चौकशी होते.

माझ्या मते आधी दुकानदाराशी बोलावं. चोरीच्या गुन्ह्यात मालाच्या मालकाला तडजोड करता येते, पण ती कोर्टापुढे, लेखी. तशी झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखंच धरतात. समाजसेवा सौम्य वाटते, पण ती दोषी ठरल्यावरची शिक्षा आहे आणि पोराला पोलीस भरतीला उतरायचंय. दुकानदार नाहीच बधला, तर १९५८ चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा आहे. २१ वर्षांखालच्याला अशा गुन्ह्यात तुरुंगात धाडायचं तर न्यायाधीशांना तशी कारणं नोंदवावी लागतात; एरवी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतात. त्या कायद्याखाली सुटला तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रताही लागत नाही. तरी भरतीच्या फॉर्ममध्ये केसबद्दल विचारलं तर खरं लिहायचं. लपवलेलं चारित्र्य पडताळणीत सापडलं तर निवड रद्द होऊ शकते.

आई, आत्याकडे तू जा. पोराला दोन दिवस कुणी धड जेवायलाही विचारलेलं नाही म्हणे. चुकलाय तो, पण घरानेच तोंड फिरवलं तर कोर्टात त्याच्यासाठी जामीनदार म्हणून कोण उभं राहणार? बाबा, तुमचा सातबारा आणि आधार काढून ठेवा, जामीनदाराला लागतात.

शनिवारी रात्रीच्या एसटीने निघते. वकिलांशी मी बोलून ठेवलंय.

तुमची लेक