भाऊ, लेकीच्या कॅमेऱ्यासाठी मनापासून थँक्यू

नमस्कार भाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण वाचाल तेव्हा कळेलच की हे तुमच्यासाठी आहे. स्टुडिओत तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो ताई त्यात काय" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

लेक अकरावीत आहे, साताऱ्यातच फोटोग्राफीच्या क्लासला जाते, आणि क्लासमध्ये सांगितलं की मॅन्युअल मोडवाला, म्हणजे सगळं हाताने सेट करता येणारा स्वतःचा कॅमेरा पाहिजे. आमचं बजेट २५ हजार, त्यावर जमण्यासारखं नव्हतं. एका दुकानात गेलो तर तिथे ट्रायपॉड, बॅग, फिल्टर असा कॉम्बोच गळ्यात मारायला बघत होते, पोरीला कशाचे फोटो काढायचेत हे कुणी विचारलंच नाही. तुम्ही पहिलं तेच विचारलंत, आणि मला नाही, तिला. ती म्हणाली कासची फुलं आणि माउलींची पालखी, मग तुम्ही कपाटातून दोन-तीन बॉडी, म्हणजे मूळ कॅमेरे, काढून तिच्या हातात दिल्यात, धरून बघ, अंगठा कुठं जातोय बघ, डोळा लाव, घाई करू नको. मला ते फार आवडलं भाऊ, खरंच.

शेवटी तुमच्याच ओळखीतला सेकंड हँड निकॉन डी३४०० ठरला, २०१६ चं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ एमएमची किट लेन्स, कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती. शिकायला हा भरपूर आहे, बॉडीवर पैसे घालू नका म्हणालात. पण ओळखीतला असूनही तुम्ही तो जसा तपासलात तसा मी सोनं घेतानाही तपासत नाही. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारलात आणि लेकीला पुढून तिरकं बघायला लावलंत, आत कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर समजायचं फंगस, म्हणजे बुरशी, आपल्याकडे पावसाळ्यात हवा एवढी दमट की बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ते हमखास धरतं. मग एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तो झूम करून सेन्सरवरची धूळ शोधलीत, कारण या मॉडेलला सेन्सर आपोआप साफ करायची सोय दिलेली नाही, दोन ठिपके निघाले ते तिथल्या तिथे ब्लोअरने उडवलेत. नंतर एक फोटो कॉम्प्युटरवर घेऊन शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो निघालेत तो आकडा काढलात, अकरा हजारच्या आत, आणि अशा बॉडीचं शटर साधारण १ लाख फोटो धरतात म्हणजे अजून बरीच वर्षं काळजी नाही.

एक गोष्ट मात्र मी कधीच विसरणार नाही. लेकीने तुमच्या शोकेसमधली ५० एमएमची जुन्या 'डी' प्रकारातली लेन्स बघितली, स्वस्त होती, मी पर्ससुद्धा उघडली होती, आणि तुम्ही स्वतः नको म्हणालात. या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि त्या लेन्समध्येही नाही, म्हणजे ऑटोफोकस होणारच नाही, पालखीच्या गर्दीत हाताने फोकस करत बसणार का पोरगी, त्यापेक्षा थांबा आणि पुढे ३५ एमएम एफ १.८ एएफ-एस घ्या, त्या लेन्समध्येच मोटर असते, देवळात भजनाला वगैरे कमी उजेडातही चालेल. स्वतःचा माल खपत असताना असं कोण सांगतं हो? उरलेल्या पैशात कार्ड, एक जादा बॅटरी, हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढंच घ्यायला लावलंत, आणि या सगळ्याचं कमिशन म्हणून एक रुपया घेतला नाहीत.

सप्टेंबरमध्ये कासला जाऊन आलो. सीतेची आसवं ही फुलं नखाएवढी असतात आणि वाऱ्यावर सारखी डुलतात, त्यामुळे आधीचे सगळे फोटो हललेले आले. मग तिने तुम्ही वहीत लिहून दिलेलं काढलं, लेन्स ५५ वर, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढव, आणि या लेन्सचं फोकस होण्याचं कमीत कमी अंतर २५ सेंटीमीटर, पण ते सेन्सरपासून मोजायचं, लेन्सच्या टोकापासून नाही, म्हणजे वाटतं त्याहून बरंच जवळ जाता येतं. पठारावर आत पाय टाकायचा नाही हेही तुम्हीच बजावलेलं, म्हणून बाई वाटेवरच पालथी पडली, ड्रेस चिखलाने माखला, पण एका फोटोत पाकळीवरची बारीक शीरसुद्धा दिसतेय भाऊ. घरी आल्यावर ती मला एफ नंबर आणि शटर समजावत बसली होती, जेवायचं पण भान नव्हतं.

आता पुढच्या आषाढीला चांदोबाच्या लिंबाला पालखीच्या उभ्या रिंगणाचे फोटो काढायचं तिच्या डोक्यात आहे. त्याआधी ३५ ची चांगली लेन्स कुठे दिसली तर कळवा, दिवाळीपर्यंत तिचे पैसे साठतील. आणि त्या फुलाची १२ बाय १८ ची प्रिंट काढायचीय, रविवारी येतो दोघी, त्याचे मात्र पूर्ण पैसे घ्यायचे, नको म्हणायचं नाही.

तुमची,
ताई