बाबांच्या पाठीतली ती पांढरी रेघ

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, शुक्रवारचा इंजेक्शनचा एमआरआय मी रद्द केला. न्यूरोसर्जनशी बोलूनच केला, पण तुम्हाला विचारलं नाही. आधी रागवून घ्या, मग पुढचं वाचा.

रिपोर्टमधल्या 'सिरिंक्स' (मज्जारज्जूच्या आत पाणी साठलेली पोकळी) या शब्दानं आईची झोप उडवली, म्हणून सीडी मी स्वतः उघडून पाहिली. मज्जारज्जूच्या मधोमध जन्मतः एक बारीक नळी असते. बहुतेकांची मोठेपणी बुजते, काहींची थोडी उघडी राहते. तुमची छातीमागच्या डी ५ ते डी ८ या मणक्यांएवढ्यातच, पांढऱ्या रेघेसारखी दिसते, रुंदी जेमतेम २ मिमी. कधी मशीनच्या करामतीनंही रज्जूवर अशा समांतर रेघा उमटतात, पण त्या आडव्या कापांच्या चित्रांवर सहसा टिकत नाहीत. तुमची तिथेही दिसते, बरोबर मध्यावर, गोल ठिपक्यासारखी. म्हणजे ती खरी आहे, आणि तरी निरुपद्रवी. कडा गुळगुळीत, रज्जू कुठे फुगलेला नाही, आत गाठ नाही, भोवती सूज नाही, लहान मेंदूचं टोक कवटीखाली उतरलेलं नाही. यातलं एक जरी बिघडलेलं असतं तरी मीच तुम्हाला धरून त्या स्कॅनला नेलं असतं.

रज्जूच्या टोकापासून खाली जाणाऱ्या बारीक धाग्यातली चरबीही तशीच निरुपद्रवी. एमआरआयच्या 'टी १' प्रकारच्या चित्रात पांढरी, चरबी दाबलेल्या चित्रात काळी. रज्जू कमरेच्या एल १-एल २ मणक्यांपाशी संपतो, म्हणजे जागेवरच. कंबर दुखते ती एल ४-एल ५ च्या झिजेनं, छातीमागच्या रेघेनं नाही.

लहानपणी मला ताप चढला की तुम्ही दोघं आळीपाळीनं थर्मामीटर बघायचात. म्हणून सांगते, आई, दर तासाला बाबांचे पाय चाचपू नकोस गं. महिन्यातून एकदा बघ: बटणं लावायला वेळ लागतोय का, चप्पल निसटलेली कळतेय का, अंधारात तोल जातोय का, गरम-गार हाताला समजतंय का. काही नवं दिसलं तर फोन कर. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर फोनच्या आधी थेट इमर्जन्सीत जा.

सीडी टाकू नका. पुढे तुलनेला चित्रं लागतात, नुसत्या रिपोर्टनं भागत नाही. शेक १५ मिनिटंच, मध्ये कापड ठेवून. आणि बाबा, खुर्चीतली ती निळी उशी पाठीमागे ठेवा, मांडीवर नको.

तुमची,
धाकटी