पसंतीक्रम भरण्याआधी

महोदय,

अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०२५पासून राज्यभर लागू झाले. अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. आमच्या लेकीचा अर्ज मी आणि तिच्या मामांनी मिळून भरला. ‘सायन्स घे, पुढचे सगळे रस्ते मोकळे राहतात,’ एवढाच आमचा विचार. ती शेजारी बसून मोबाइलवर आलेला ओटीपी तेवढा सांगत होती.

दिवाळीत रद्दी काढताना तिची फिजिक्सची वही हाती आली. पुढची पानं जेमतेम भरलेली. मागच्या पानांवर मात्र आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचा महिनाभराचा हिशेब होता: कोथिंबिरीच्या किती जुड्या आणल्या, किती सुकल्या, कुठल्या वारी भाव पडला. कुणी न सांगता तिने तो लिहिला होता. वही हातात धरून मी बराच वेळ तिथेच बसले.

सुदैवाने बारावी सायन्सनंतरही अर्थशास्त्राकडे वळता येतं. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला मेजर, म्हणजे मुख्य, विषय निवडायचा असतो. तो या वेळी तीच ठरवील.

शाळांना कळकळीची विनंती आहे. दहावीच्या मुलांना कलचाचणीबरोबर एक साधी वहीही द्या. कुणी न सांगता आपण काय केलं, कशात वेळेचं भान राहिलं नाही, कशाचा कंटाळा आला, हे त्यांनी वर्षभर त्यात लिहावं. अर्ज भरायला बसण्याआधी आम्हा पालकांना ती वही वाचायला मिळावी.

– एक पालक, सातारा