रबरासाठी एवढी थंडी कशाला?

तीर्थरूप आई व बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रबर बनवायचे तर आमच्या कारखान्यात एवढी थंडी कशाला, असे तुम्ही विचारलेत. उत्तर फोनवर मावणारे नाही, म्हणून हे पत्र.

आमचा मुख्य कच्चा माल म्हणजे आयसोब्युटिलीन हा खनिज तेलापासून मिळणारा वायू. त्याच्या रेणूत एक दुहेरी बंध असतो. क्रिया घडवून आणणाऱ्या ॲल्युमिनियम क्लोराइड या उत्प्रेरकाच्या जोडीला लेशमात्र पाणी असले, की एक प्रोटॉन त्या बंधाला येऊन चिकटतो आणि शेजारच्या कार्बनवर धन भार येतो. तो कार्बन पुढच्या रेणूच्या दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, भार नव्या टोकावर सरकतो, आणि अशी साखळी काही क्षणांत हजारो रेणूंची होते. यालाच कॅटायनिक पॉलिमरायझेशन म्हणतात. भार आलेल्या कार्बनला दोन मिथाइल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचे छोटे गट) सावरून धरतात, म्हणून आयसोब्युटिलीनला ही रीत मानवते. मला मात्र सर्वांत जास्त कौतुक त्या पाण्याचे वाटते: अजिबात नसेल तर क्रिया नीट सुरू होत नाही आणि थोडे जास्त झाले तरी साखळ्या आखूड राहतात.

आता थंडीचे. दोन धन टोके एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे ती जुळून साखळी संपत नाही. पण वाढते टोक आपला एक प्रोटॉन नव्या रेणूला देऊन टाकू शकते, आणि मग जुनी साखळी तिथेच थांबून दुसरी सुरू होते. तापमान चढले की हे देणे साखळीच्या वाढीपेक्षा अधिक झपाट्याने वाढते आणि रबराऐवजी चिकट तेल हाती येते. म्हणून द्रवरूप एथिलीनच्या साहाय्याने उणे 95 अंश सेल्सिअसच्या आसपास काम करावे लागते, आणि क्रियेतून निघणारी उष्णता तत्काळ काढून घ्यावी लागते.

रबर पक्के करायचे तर गंधकाने साखळ्या एकमेकींना जोडाव्या लागतात, पण नुसत्या आयसोब्युटिलीनच्या साखळीत गंधकाला धरायला जागा नसते. अमेरिकेत 1937 साली रॉबर्ट थॉमस आणि विल्यम स्पार्क्स यांनी त्यात थोडे आयसोप्रीन, म्हणजे रेणूत दोन दुहेरी बंध असलेले द्रव्य, मिसळले. त्याचे उरलेले दुहेरी बंध गंधकाला पुरले आणि ब्यूटाइल रबर जन्माला आले. आखूड साखळ्यांचे पॉलिआयसोब्युटिलीनही वाया जात नाही. ते वंगण आणि चिकटद्रव्यांत वापरतात.

ब्यूटाइल रबरातून हवा फारच सावकाश झिरपते. म्हणून टायरच्या ट्यूब त्याच्या करतात, आणि ट्यूबलेस टायरच्या आतल्या थराला त्याचाच क्लोरीन किंवा ब्रोमीन जोडलेला प्रकार लागतो. आई, इंजेक्शनच्या औषधांच्या बाटल्यांची रबरी बुचेही बहुधा याच प्रकारच्या रबराची असतात, कारण ती बाहेरचा ऑक्सिजन आणि बाष्प आत येऊ देत नाहीत आणि सुई काढल्यावर छिद्र पुन्हा मिटते.

आपली,
मंजू