बक्षिसाआधी गिऱ्हाईक विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांत स्टार्टअप स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आपल्या दैनिकाच्या नागपूर पुरवणीत विजेत्या संघांची छायाचित्रे आणि बक्षिसांच्या रकमा छापून येतात. कल्पना काय आहे, संघात कोण कोण आहे, परीक्षक कोण होते, हे सारे बातमीत असते. ज्याच्यासाठी ती वस्तू किंवा सेवा तयार व्हायची आहे, त्या गिऱ्हाइकाने तिच्यासाठी आजवर एक रुपया तरी मोजला आहे काय, याचा उल्लेख मात्र नसतो. याचा दोष बातमीदाराला देता येणार नाही, कारण स्पर्धेत तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. स्पर्धा भरवणारी महाविद्यालये, नव्या उद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणारी इन्क्युबेशन केंद्रे आणि बीजभांडवल मंजूर करणाऱ्या समित्या यांनी तो सर्वांत आधी विचारावा आणि निम्मे गुण त्याच्या उत्तरावर ठेवावेत, एवढे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा इतवारीत पॅकिंगच्या सामानाचा व्यापार आहे. खाद्यपदार्थांचा नवा ब्रँड काढू पाहणारे तरुण आमच्याकडे फार लवकर येतात, कारण त्यांना पहिल्यांदा हवा असतो तो छापील पाऊच. डिझाइन मोबाइलमध्ये तयार असते, नाव ठरलेले असते, बोधचिन्ह तर कधीचेच झालेले असते. पाऊचची नेहमीची छपाई सिलिंडरवर होते. प्रत्येक रंगासाठी वेगळे सिलिंडर कोरून घ्यावे लागते, म्हणजे सहा रंगांच्या डिझाइनला सहा सिलिंडर, आणि त्यांचा खर्च मालाच्या खर्चाच्या आधीच करावा लागतो. शिवाय छापखाना थोड्या मालासाठी मशीन लावत नाही. त्याची किमान ऑर्डर किलोच्या हिशेबाने असते आणि तेवढ्या फिल्ममधून पाऊच निघतात ते हजारोंनी. चिवडा पन्नास ग्रॅमचा विकायचा की दोनशेचा, दहा रुपयांना की साठला, तिखट कमी हवे की जास्त, यांतले काहीच बाजाराने सांगितलेले नसताना वजन आणि घटक त्या हजारो पाऊचवर छापून मोकळे होतात. मग दुकानदार सांगतो की माझ्याकडे दहा रुपयांच्या पाकिटाचेच गिऱ्हाईक आहे. उरलेल्या पाऊचचे काहीही करता येत नाही. ती फिल्म अनेक पदरांची असल्यामुळे भंगारवालासुद्धा ती उचलायला नाखूश असतो.

याला पर्याय अगदी साधा आहे. कोरा जिपर पाऊच घ्यावा, त्यावर लेबल चिकटवावे आणि शे-दोनशे पाकिटे ओळखीबाहेरच्या दोन-तीन दुकानांत ठेवून पाहावीत. (अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आणि लेबलवरचा कायद्याने लागणारा मजकूर शंभर पाकिटांनाही चुकत नाही, हे सांगावे लागते.) पहिले पाकीट कोणीही नवलाईने घेतो, पंधरवड्यात दुसरे घ्यायला कोण आले, हे त्या दुकानदाराला विचारावे. धरमपेठेत जे खपले ते महालात पडून राहिले, तर तीही मोलाचीच माहिती झाली. हा सल्ला देताना माझी ऑर्डर हातची जाते, हे मला कळते. पण एकदा पोळलेला तरुण पुन्हा ऑर्डर द्यायला येत नाही, हेही मी पाहिलेले आहे.

वस्तूचे जे होते तेच सॉफ्टवेअरचेही होते, फक्त तिथे वाया गेलेले पाऊच डोळ्यांना दिसत नाहीत. एका महाविद्यालयीन स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो असताना संत्रा उत्पादकांना दलालाशिवाय थेट ग्राहकाशी जोडणारे अॅप पाहिले. अॅप पूर्ण तयार होते, दिसायला देखणे होते आणि वर्षभराच्या मेहनतीचे होते. पण काटोल-नरखेडकडच्या किती बागाईतदारांशी बोललात, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की ऑनलाइन फॉर्म पाठवला होता आणि बहुतेकांनी ‘आवडेल’ असे कळवले आहे. आता त्या भागातील व्यवहार पाहा. बरेच शेतकरी आंबिया बहाराची फळे झाडावर असतानाच अख्खी बाग व्यापाऱ्याला देऊन टाकतात. व्यापारी इसार देतो, तोडणीचे मजूर आणतो, गाडी लावतो आणि तोडणीपर्यंतच्या फळगळीचा धोकाही बऱ्याच अंशी स्वतःकडे घेतो. नागपुरातल्या कळमन्याच्या घाऊक बाजारात माल नेणाऱ्यांपैकी अनेकांनी अडत्याकडून आधीच उचल घेतलेली असते. म्हणजे ज्याला हे तरुण मधला दलाल समजून काढून टाकायला निघाले होते, तो प्रत्यक्षात शेतकऱ्याचा सावकार, मजुरांचा मुकादम, वाहतूकदार आणि विमा कंपनी अशी चार कामे करतो. वाईट करतो की चांगली, हा वेगळा वाद आहे. ही चार कामे अॅपमध्ये कोण करणार, हा प्रश्न एखाद्या बागेत दोन दुपारी बसून गप्पा मारल्या असत्या तरी समोर आला असता. कदाचित त्यातूनच खरा धंदा सापडला असता, कारण बारीक फळाला, म्हणजे चुरीला, भाव मिळत नाही ही तक्रार त्या भागात जो भेटेल तो करतो. त्या संघाला दुसरे बक्षीस मिळाले.

फॉर्ममध्ये लोक ‘आवडेल’ का लिहितात, हे वेगळे समजावण्याची गरज नाही. तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही, त्यातून विचारणारा कॉलेजचा पोरगा असला तर मुळीच नाही. ‘मस्त आहे ना भाऊ, कर सुरू’ असे म्हणायला नागपूरकराचे काहीच जात नाही. म्हणून विचारायचे ते मत नव्हे, तर घडलेली गोष्ट. ‘असे अॅप आले तर वापराल का?’ या प्रश्नाला काडीची किंमत नाही. ‘मागच्या हंगामात माल कोणाला दिला, भाव कसा ठरला, पैसे किती दिवसांनी हातात आले, त्यात काय खटकले आणि त्यावर तुम्ही स्वतः काय करून पाहिले?’ हे विचारावे, आणि मग आपण गप्प बसावे. ज्याने आपल्या अडचणीवर आजवर कोणताच उपाय शोधलेला नाही, पदरचे दोन पैसे खर्च केलेले नाहीत, त्याची अडचण बहुधा आपल्याला वाटते तेवढी मोठी नसते. आपली कल्पना बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगून टाकली की पुढची सगळी उत्तरे तिच्या भोवतीच फिरतात, म्हणून ती शेवटी काढावी.

इतके ऐकून झाल्यावरही खरी कसोटी इसाराचीच. व्यापारात शब्दाला मान असतोच, पण सौदा पक्का होतो तो इसार हातात पडल्यावर. नव्या धंद्यातही समोरच्याने काहीतरी मोजलेले दिसले पाहिजे: आगाऊ रक्कम, लेखी ऑर्डर, निदान आपल्या दुकानात महिनाभर प्रयोग करायला दिलेली जागा आणि एक माणूस. फाइली इंटरनेटवर साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्स या कंपनीने 2008 साली आपल्या अपुऱ्या सॉफ्टवेअरचे काम दाखवणारी छोटी चित्रफीत प्रसिद्ध केल्यावर प्रतीक्षायादी एका रात्रीत 5,000 वरून 75,000 वर गेली, हा दाखला आमच्याकडच्या सादरीकरणांत वारंवार येतो. त्यातून मागणीचा अंदाज मिळाला हे खरे, पण नाव नोंदवणे फुकट असते हे विसरू नये. आणि जिथे आगाऊ पैसे घ्यायचे तिथे वस्तू अजून तयार नाही, ती अमुक मुदतीत झाली नाही तर पैसे परत मिळतील, हे स्पष्ट लिहून द्यावे. चाचणीच्या नावाखाली नसलेला माल विकणे ही निव्वळ फसवणूक आहे, तिला कोणतेही आधुनिक नाव दिले तरी.

गिऱ्हाईक चुकीचे धरले गेल्याचे आणि वेळीच सुधारल्याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. बंगळूरमध्ये नोकरी करणाऱ्या तीन अभियंत्यांनी 2006 साली बसची तिकिटे ऑनलाइन विकणारी रेडबस सुरू केली. त्यांनी आधी खासगी बसमालकांसाठी आसनांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर तयार केले होते, पण मालकांना ते नको होते. त्यांचा कारभार एजंटांना वाटून दिलेल्या जागा आणि फोन यांवर चालत होता आणि त्यात त्यांना काही अडल्यासारखे वाटत नव्हते. अडत होते ते प्रवाशाचे. दिवाळीत नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सचे तिकीट शोधलेल्या कोणालाही हे पटेल. त्या तरुणांनी मोर्चा वळवला आणि बसमालकांना सॉफ्टवेअर विकण्याऐवजी त्यांची तिकिटे विकून द्यायला सुरुवात केली. लिज्जतचा तर दाखला त्याहून जुना आहे. 1959 साली मुंबईत गिरगावातल्या सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली, ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. यंत्रे नव्हती की जाहिरात नव्हती. आधी चार पाकिटे खपतात का, एवढेच पाहिले गेले.

यावर काही आक्षेप घेतले जातात. कल्पना लोकांना सांगितली तर चोरीला जाईल, ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. तुमची अडचण सांगा असे विचारताना कल्पना उघड करावीच लागत नाही, आणि इतवारीत एकाच गल्लीत एकच माल विकणारी दहा दुकाने वर्षानुवर्षे चालतात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. संपूर्ण नव्या गोष्टीबद्दल गिऱ्हाइकाला काय सांगता येणार? इथे मी मान्य करतो की उपाय काय असावा हे गिऱ्हाईक सांगू शकत नाही, पण दुखते कुठे हे तोच सांगू शकतो. औषधे, वैद्यकीय उपकरणे, विजेची साधने यांत अर्धवट वस्तू लोकांच्या हाती देणे धोक्याचे आणि बेकायदा ठरू शकते. तिथे प्रयोग नको, पण डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयात खरेदीचा निर्णय घेणारी व्यक्ती या तिघांशी वेगवेगळे बोलायला कोणताच कायदा आड येत नाही. वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, हे अशा क्षेत्रांत हमखास असते आणि हमखास विसरले जाते.

आता संस्थांबद्दल. केंद्र सरकारने 2021 साली 945 कोटी रुपयांची स्टार्टअप इंडिया बीजभांडवल योजना सुरू केली. तिच्यात इन्क्युबेशन केंद्रांमार्फत कल्पनेची पडताळणी, नमुना आणि चाचणी यांसाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची सोय ठेवली गेली आणि बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत मदतीची. अनुदान एकरकमी नसून टप्प्याटप्प्याने द्यायचे, ही तिच्यातील अट उत्तम आहे. पण नमुना तयार झाला, चाचणी झाली, उत्पादन तयार झाले, असे टप्पे धरले की लक्ष वस्तूवरच राहते. माझी सूचना अशी की पहिला हप्ता नमुन्यासाठी न देता गिऱ्हाइकांना भेटण्यासाठी द्यावा. तो लहान असावा, त्यातून प्रवासखर्च आणि कच्चे नमुने भागावेत, आणि दुसरा हप्ता भेटींच्या नोंदी पाहूनच सुटावा.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 2011 साली आय-कॉर्प्स हा कार्यक्रम सुरू केला. त्यात विद्यापीठांतील संशोधकांच्या संघाला 50,000 डॉलरचे अनुदान मिळत असे आणि सात आठवड्यांत सुमारे 100 संभाव्य गिऱ्हाइकांना गाठण्याची अपेक्षा असे. त्याचा अभ्यासक्रम स्टॅनफर्डमध्ये शिकवणारे उद्योजक स्टीव्ह ब्लँक यांच्या वर्गावरून घेतलेला आहे. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे शेवटी ‘पुढे जायचे नाही’ असा निर्णय घेतलेल्या संघालाही तिथे नापास मानत नाहीत. आपल्याकडे ‘आम्ही साठ दुकानदारांना भेटलो, त्यांना याची गरज नाही असे दिसले, म्हणून आम्ही हे बांधले नाही’ असे सांगणाऱ्या संघाला व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत नाही. ती सुरू व्हावी. आई-वडिलांचे दोन-तीन लाख रुपये वाचवणाऱ्या अशा संघाला एखादे बक्षीस द्यायला आयोजकांचे काहीच बिघडणार नाही.

शंभर भेटी नागपुरात अवघड नाहीत. गांधीबाग, कॉटन मार्केट, कळमना, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहती हे सारे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. सकाळच्या वेळी बाजारात जाऊ नये, कारण तेव्हा कोणालाही बोलायला फुरसत नसते. दुपारी तीन ते पाच या वेळेत इतवारीतला दुकानदार चहा पाजून बोलतो. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी यासाठी प्रकल्पाचे गुण द्यावेत आणि भेटींच्या वहीवर, कोणाला भेटलो आणि तो काय म्हणाला याच्या शब्दशः नोंदी असतील तरच, सही करावी. वही खोटी भरता येते, हे मला ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणून परीक्षकांनी त्यातले कोणतेही दोन दुकानदार निवडावेत आणि सरळ फोन लावावा.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे की पुढच्या स्पर्धेच्या बातमीत विजेत्या संघाच्या नावापुढे बक्षिसाच्या रकमेसोबत आणखी एक आकडा छापावा: आजवर किती जणांनी त्यांना पैसे मोजले. तो शून्य असला तरी छापावा.

आपला,
एक वाचक
इतवारी, नागपूर