लिंक उघडली गेलीच तर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि विषय धरणाच्या पाण्यावर नेतात. कागद हातात आला की तो फाइलला लागतो. म्हणून पत्र.

आईकडून कळलं, फेसबुकवर 'हयातीचा दाखला घरबसल्या' अशी लिंक आली, बाबांनी ती उघडून मोबाईल नंबर आणि आधार नंबर भरला, आणि पुढे एटीएम कार्डाचा नंबर मागितल्यावर ते थांबले. बाबा, तिथे थांबलात हे उत्तम केलंत. नंतर आठवडाभर घरात कोणालाच बोलला नाहीत, ते मात्र पटलं नाही. नोव्हेंबर आला की पेन्शनरांना असल्या लिंका हमखास येतात. लोक फसावेत म्हणूनच त्या बनवलेल्या असतात, त्यात लाजायचं काय?

नुसतं पान उघडल्याने सहसा खातं रिकामं होत नाही. प्रश्न असतो पुढे आपण काय केलं याचा. तुम्ही आधार नंबर दिलात. तेवढ्यावर पैसे निघत नाहीत, पण आधार आणि अंगठ्याच्या ठशावर पैसे काढायची सोय असते, म्हणून आधारच्या सरकारी ॲपमध्ये जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाका. खऱ्या दाखल्यासाठी ठसा किंवा चेहरा लागतो, त्या दिवशी तेवढं उघडायचं. आणि दाखला बँकेत किंवा पोस्टातच करा. पोस्टमन घरीही येऊन करतो, त्याला आईच्या हातचा चहाही मिळेल.

समजा कार्डाचा नंबर, ओटीपी किंवा यूपीआय पिन दिला गेलाच. मग आधी बँकेला फोन, तोही कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. गूगलवर नंबर शोधू नका, तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. ही सरकारी हेल्पलाइन आहे. तिथून पुढच्या बँकांना निरोप जातो आणि पैसे अजून कोणाच्या खात्यात असतील तर अडवले जातात. चोर ते भाड्याच्या खात्यांतून तासाभरात फिरवतात, म्हणून "उद्या मनूला विचारू" असं करायचं नाही. फोनच लागला नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर तक्रार नोंदवता येते. बाबा, तुम्ही आयुष्यभर रोजकीर्द लिहिलीत, तशीच इथे लिहा: किती वाजता, किती रुपये, यूपीआयचा बारा आकडी नंबर कोणता, बँकेत कोणाशी बोललात. मेसेज लाजेने पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चूक बँकेचीही नसेल आणि आपलीही नसेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान आपल्यावर येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले, कळवल्यानंतर गेलेले बँकेचे. आता सांगा, गप्प बसण्याची किंमत कोण भरतं?

मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' किंवा लग्नपत्रिका म्हणून फाइल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असं असतं. कधी ती ओळखीच्या माणसाकडूनच येते, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या जाळ्यात अडकलेला असतो. पत्रिका कधी एपीके नसते. ते ॲप असतं, आणि आपण 'अलाउ' दाबत गेलो की ते आपले मेसेज वाचतं. मग ओटीपी कोणाला सांगावाही लागत नाही. असं काही बसलंच, तर विमानाचं चिन्ह दाबून फोन नेटवर्कपासून तोडा, वायफायही बंद झालंय का बघा, आणि बँकेला आईच्या फोनवरून कळवा. पासवर्डही तिच्याच फोनवरून बदला, अडकलेल्या फोनवर बदलले तर चोराला आयतेच मिळतील. मग ते ॲप काढा. निघत नसेल तर फोन तसाच ठेवा, चिन्मय येऊन फॅक्टरी रीसेट करेल, म्हणजे फोन पूर्ण पुसेल. बारशाचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यांची काळजी नको.

दोन बारीक तपासण्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'लिंक केलेले डिव्हाइस' बघा, अनोळखी काही दिसलं तर लॉग आउट करा. आणि फोनच्या डायलवर स्टार हॅश २१ हॅश लावा. आपले कॉल दुसरीकडे वळवले असतील तर कळतं, आणि हॅश हॅश ००२ हॅश लावून ते बंद करता येतं. फेसबुकचा पासवर्ड गेला असेल तर कॉलनीच्या ग्रुपवर लगेच सांगा, नाहीतर तुमच्या नावाने कोणीतरी जोशीकाकांकडे वीस हजार मागेल, आणि ते देतीलही.

नंतर कोणी "गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणाला, किंवा वर्दी घालून व्हिडिओवर डिजिटल अरेस्टची धमकी दिली, तर फोन कट. असली अटक कायद्यात नाहीच.

मी पुढच्या महिन्यात येते तेव्हा दोघांच्या व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांचा पिन लावून देईन. बाबा, तो एटीएमच्या पिनसारखा फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी करून ठेवायचा नाही.

आणि आई, हे पत्र त्यांना देताना "मी म्हणत नव्हते का" हे वाक्य कृपया गिळ. मेतकूट संपलंय, करून ठेव.

तुमची,
मनू